साडेपाच तासांचे अंतर : जुन्या संगणकाच्या चुकणाऱ्या घड्याळाचे एक प्रकरण

सातारा जिल्ह्यातील एका गावच्या दूध संस्थेतून डिसेंबर २०२५ मध्ये मला बोलावणे आले, तेव्हा तक्रार घड्याळाची नव्हती, बिलाची होती. दहा दिवसांच्या बिलात काही सभासदांचे एका वेळचे दूध जमा दिसत नव्हते आणि दोघांच्या नावावर आदल्या संध्याकाळचे दूध दोनदा चढले होते. दूध मोजले गेले, फॅट लागली, पावतीही निघाली, मग नोंद गेली कुठे, असा सभासदांचा रास्त प्रश्न होता. सचिवांनी जुन्या पावत्या माझ्यापुढे ठेवल्या. त्यांतल्या एका पावतीवर पहाटे दूध घालणाऱ्या माणसाच्या नावापुढे आदल्या दिवसाची तारीख आणि रात्रीचे ११ वाजून ४७ मिनिटे अशी वेळ छापलेली होती. दुसऱ्या एका पावतीवर तर थेट २००९ साल होते.

दूध संकलनाची आज्ञावली (सॉफ्टवेअर) सत्र स्वतः ठरवते, ही गोष्ट येथे लक्षात घ्यावी लागते. दुपारी दोनच्या आधीची नोंद सकाळची आणि नंतरची संध्याकाळची, एवढा साधा नियम तिच्यात आहे, आणि वेळ ती संगणकाच्या घड्याळावरून घेते. एका सभासदाची एका सत्रात एकच नोंद चालते. त्यामुळे घड्याळ मागे पडले की संध्याकाळी पहिल्याच माणसाला ‘या सत्राची नोंद आधीच झाली आहे’ असा संदेश येतो, रांग थांबते आणि काट्यावरचा मुलगा हाताने वेळ दुरुस्त करून काम पुढे रेटतो. तो हे महिनाभर निमूटपणे करत होता. त्याच्या या तत्परतेमुळे रांग चालू राहिली, पण बिघाडाचा माग मात्र पुसला जात राहिला.

संगणक २००९ च्या सुमाराचा, कोअर टू ड्युओ ई७५०० प्रोसेसर आणि जी३१ चिपसेटचा मदरबोर्ड (सगळे भाग जोडणारा मुख्य पट) असलेला. नोव्हेंबरमध्ये तालुक्याच्या ठिकाणच्या एका तंत्रज्ञाने त्याचे नूतनीकरण केले होते. दोन जीबीची मेमरी चार जीबी झाली, कारण या चिपसेटला त्याहून जास्त मेमरी चालत नाही. फिरत्या हार्ड डिस्कच्या जागी २४० जीबीची एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) आली आणि विंडोज ७ च्या जागी विंडोज १० आली, कारण संकलनाच्या आज्ञावलीची नवी आवृत्ती जुन्या विंडोजवर चालेना. विंडोज ११ या प्रोसेसरवर बसण्याचा प्रश्नच नव्हता. विंडोज १० चा नेहमीचा आधार, म्हणजे सुरक्षा-सुधारणांचा पुरवठा, १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपलेला असल्याने तंत्रज्ञाने आणखी एक शहाणपणाची गोष्ट केली. त्याने त्याच डिस्कवर विंडोजच्या जोडीला लिनक्स मिंट ही दुसरी कार्यप्रणाली बसवली आणि सांगितले की दुधाचे काम विंडोजवर करा, पण बँक, ईमेल आणि इंटरनेटचे बाकीचे काम लिनक्सवर करा. हा सल्ला मला आजही योग्य वाटतो. पुढे जे घडले ते या व्यवस्थेतून घडले असले तरी त्याचा दोष त्या तंत्रज्ञावर टाकता येणार नाही.

सचिवांचे निदान मात्र ठाम होते. “नवी डिस्क टाकली आणि तेव्हापासून घड्याळ बिघडलं. आधी पंधरा वर्षं एक मिनिट इकडंतिकडं नव्हतं,” ते म्हणाले. डिस्कचा आणि घड्याळाचा काही संबंध नसतो, असे मी त्यांना आत्मविश्वासाने सांगितले. ते वाक्य मला नंतर अर्धे मागे घ्यावे लागले.

पहिली भेट

संगणकात दोन घड्याळे असतात. एक मदरबोर्डवरचे, जे संगणक बंद असतानाही चालते, आणि दुसरे विंडोज किंवा लिनक्सचे स्वतःचे. हे दुसरे घड्याळ सुरू होताना पहिल्याकडून एकदा वेळ विचारून घेते आणि पुढे आपले आपण मोजत राहते. मदरबोर्डवरच्या घड्याळाचा ठेका एका लहानशा क्वार्ट्झ स्फटिकावर चालतो. तो सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. दोनचा पंधरावा घात म्हणजे हीच संख्या, त्यामुळे पंधरा वेळा निम्मे करत गेले की बरोबर एक सेकंद हाती येतो. हातातल्या क्वार्ट्झ घड्याळातही सहसा हाच स्फटिक असतो.

घड्याळ चुकत असेल तर ते संगणक चालू असताना चुकते की बंद असताना, हे आधी पाहावे लागते. त्यासाठी मी पावतीची वेळ आणि मोबाइलची वेळ रोज चार वेळा वहीत लिहून ठेवायला सांगितले : सकाळचे काम सुरू होताना, संपताना, आणि संध्याकाळीही तसेच. पण २००९ सालची पावती समोर असताना वहीची वाट पाहण्याची गरज नव्हती. सन जेव्हा इतके मागे जाते तेव्हा घड्याळ सावकाश चालत नसते, ते पूर्ण विसरलेले असते आणि बायोस, म्हणजे मदरबोर्डवरची मूळ आज्ञावली, त्याला आपल्या मूळच्या तारखेवर आणून ठेवते. मी पेटी उघडून त्या घड्याळाला वीज पुरवणारा सेल काढला. सीआर २०३२ या नावातच त्याचे माप आहे, व्यास २० मिलिमीटर आणि जाडी ३.२ मिलिमीटर. मल्टिमीटरवर २.३ व्होल्ट आले. नव्या सेलला ते तीनच्या थोडे वरच यायला हवेत. सेल बहुधा मदरबोर्डाइतकाच जुना असावा.

मग हा सेल आधी का बोलला नाही? याचे उत्तर शोधताना सचिवांचे म्हणणे मला आठवले. संगणकाचा वीजपुरवठा भिंतीच्या बटणाला जोडलेला आणि चालू असेल तर संगणक बंद केल्यावरही मदरबोर्डाला थोडी वीज मिळत राहते आणि घड्याळ त्या विजेवर चालते. सेलची पाळी येते ती भिंतीचे बटणच बंद झाल्यावर. जुनी डिस्क असताना विंडोज उघडायला चार-पाच मिनिटे लागत, म्हणून भिंतीचे बटण कोणी कधी बंद करत नसे, संगणकही रात्री बहुतेक वेळा चालूच असे, आणि वीज गेली तरी इन्व्हर्टर होताच. एसएसडी आल्यावर अर्ध्या मिनिटात काम सुरू होऊ लागले. तेव्हा रात्री सगळी बटणे बंद करून कुलूप लावण्याची चांगली सवय संस्थेने लावून घेतली आणि त्या सवयीने कित्येक वर्षांपूर्वी संपलेला सेल उघडा पाडला. डिस्क बदलल्यापासून घड्याळ बिघडले हे सचिवांचे म्हणणे असे अर्धे खरे निघाले. त्यांना मी तसे सांगितले, तेव्हा ते नुसते हसले.

नवा सेल बसवला, बायोसमध्ये तारीख-वेळ भरली, भिंतीचे बटण तासभर बंद ठेवून पुन्हा तपासले. वेळ टिकली. बँकेचे संकेतस्थळ कधीकधी ‘सुरक्षित नाही’ म्हणून उघडत नसे, त्या तक्रारीचाही उलगडा झाला, कारण २००९ साल चालू आहे असे समजणाऱ्या संगणकाच्या लेखी संकेतस्थळाचे आजचे सुरक्षा-प्रमाणपत्र अजून लागूच झालेले नसते. प्रकरण मिटले असे समजून मी परतलो.

वहीतील आकडे

पाचव्या दिवशी फोन आला. २००९ साल परत आले नव्हते, पण संध्याकाळचा खोळंबा तसाच होता. मी वही घेऊन बसलो आणि तेव्हा मला कळले की पहिल्या दिवशी मी ज्याला एक बिघाड समजलो होतो ते दोन होते, आणि मोठ्याने ओरडणाऱ्या पहिल्यामागे दुसरा लपला होता.

सकाळच्या वेळा सगळ्या बरोबर होत्या. संध्याकाळी सुरुवातीची वेळ रोज चुकलेली होती आणि ती चूक दररोज तेवढीच होती. मोबाइलवर ६ वाजून १० मिनिटे असताना संगणकावर दुपारचे १२ वाजून ४० मिनिटे. दुसऱ्या दिवशी ६ वाजून ४ मिनिटांना १२ वाजून ३४. सेल कमजोर असता तर चूक कधी कमी कधी जास्त असती, आणि बंद राहण्याच्या तासांनुसार बदलली असती. स्फटिकात दोष असता तर ती दिवसागणिक साचत गेली असती. येथे ती साचत नव्हती आणि बदलतही नव्हती. काटेकोर साडेपाच तासांची चूक कोणताही सुटा भाग करत नाही. ती कोणीतरी हिशेब करून केलेली असते, आणि भारतात साडेपाच तास म्हटले की तो हिशेब कोणता हे सांगावे लागत नाही. भारतीय प्रमाणवेळ जागतिक समन्वित वेळेच्या (यूटीसी) बरोबर एवढीच पुढे आहे.

खात्रीसाठी विंडोजमधील इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे घडामोडींची नोंदवही, उघडला. त्यातील सिस्टीम नोंदींमध्ये कर्नल-जनरल या स्रोताची क्रमांक १ ची नोंद प्रत्येक वेळबदलाची जुनी आणि नवी वेळ लिहून ठेवते. त्या मुलाने रोज संध्याकाळी केलेली दुरुस्ती तेथे ओळीने लागलेली होती. प्रत्येक वेळी फरक साडेपाच तासांचा, एखाद्या मिनिटाने कमी-जास्त, आणि ते मिनिट त्याने वेळ अंदाजाने भरल्याचे. पुसला गेला असे मी ज्याला म्हणालो तो माग विंडोजने ठेवलाच होता. मला तो पहिल्याच भेटीत पाहता आला असता.

आता प्रश्न उरला की सकाळ आणि संध्याकाळ यांच्या मध्ये काय घडते. दुपारी सचिव येतात, मोबाइलचा हॉटस्पॉट सुरू करतात आणि लिनक्सवर ईमेल व बँकेचे काम करतात. एवढेच घडते, पण एवढे पुरेसे होते.

मदरबोर्डवरच्या घड्याळाची रचना १९८४ सालच्या आयबीएम पीसी एटीपासून चालत आलेली आहे. त्यात सेकंद, मिनिट, तास, दिवस, महिना आणि वर्ष यांना जागा आहे, पण ही वेळ कोठली, हे लिहायला जागाच नाही. त्यामुळे त्यातील आकड्यांचा अर्थ वाचणाऱ्याने लावायचा असतो. विंडोज, जुन्या डॉसच्या परंपरेला धरून, तो आकडा स्थानिक वेळ मानते. लिनक्स, युनिक्सच्या परंपरेला धरून, त्याला जागतिक वेळ मानते. दोघांचेही आपापल्या घरात बरोबर असते. दुपारी दोन वाजता लिनक्स उघडले की ते ‘२’ हा आकडा जागतिक वेळ म्हणून वाचते आणि पडद्यावर संध्याकाळचे साडेसात दाखवते. हॉटस्पॉट जोडला जाताच ते इंटरनेटवरील वेळसेवकाला (अचूक वेळ सांगणाऱ्या संगणकाला) विचारून स्वतःला दुरुस्त करते आणि ही दुरुस्त वेळ मदरबोर्डच्या घड्याळात जागतिक रूपात, म्हणजे सकाळचे साडेआठ अशी, लिहून टाकते. वेळ जुळलेली असेपर्यंत दर अकरा मिनिटांनी ही नोंद पुन्हा केली जाते. संध्याकाळी विंडोज उघडते, तो आकडा स्थानिक समजून वाचते आणि साडेपाच तास मागे पडते. मुलगा हाताने वेळ भरतो, विंडोज ती मदरबोर्डवर स्थानिक रूपात लिहिते, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे ठीक असते. दुपारी चक्र पुन्हा सुरू.

‘दुपारी लिनक्सवर सुरुवातीला घड्याळ पुढे दिसतं का?’ असे मी सचिवांना विचारले. “दिसतं की. नेट लागलं की आपोआप बरोबर होतं, म्हणून कधी बोललो नाही,” ते म्हणाले.

आदल्या दिवसाच्या तारखेची ती पावतीही या हिशेबात चपखल बसली. बिलाच्या आदल्या रात्री सचिवांनी उशिरापर्यंत लिनक्सवर काम केले होते. त्यामुळे मदरबोर्डवर जागतिक वेळ राहिली आणि पहाटे सव्वापाचला संकलन सुरू झाले तेव्हा विंडोजच्या लेखी आदल्या रात्रीचे पावणेबारा वाजले होते. खऱ्या साडेपाचपर्यंत, म्हणजे संगणकाच्या मध्यरात्रीपर्यंत, ज्या मोजक्या सभासदांनी दूध घातले त्यांची नोंद आदल्या संध्याकाळच्या सत्रात पडली. आदल्या संध्याकाळी ज्यांनी दूध घातले नव्हते त्यांची ती मुकाट्याने स्वीकारली गेली. ज्यांनी घातले होते त्यांना नकार आला आणि मुलाने दोघांसाठी ‘जादा नोंद’ हा पर्याय वापरून वाट काढली. साडेपाचनंतर आलेल्यांचे सगळे बिनबोभाट सकाळच्या सत्रात गेले.

हीच व्यवस्था लंडनमधल्या एखाद्या कार्यालयात असती तर हिवाळाभर कोणाला काही कळले नसते, कारण तेथे त्या काळात स्थानिक वेळ आणि जागतिक वेळ एकच असते. मार्चअखेरीस उन्हाळी वेळेसाठी तेथील घड्याळे तासभर पुढे करतात, तेव्हा बिघाड एका तासाच्या चुकीने उगवला असता. आपल्या अर्ध्या तासाच्या शेपटीने येथे मदतच केली, कारण साडेपाच हा आकडा दुसऱ्या कशाने सहजी पडत नाही.

चुकलेला उपाय आणि बरोबर उपाय

दोन्ही प्रणालींनी मदरबोर्डच्या आकड्याचा एकच अर्थ लावला पाहिजे, एवढाच उपाय होता, आणि तो दोन बाजूंनी करता येतो. लिनक्सला स्थानिक वेळ मानायला सांगावे किंवा विंडोजला जागतिक वेळ मानायला सांगावे. मी पहिला मार्ग निवडला. टाइमडेटसीटीएल या आज्ञेला सेट-लोकल-आरटीसी हा पर्याय आणि पुढे १ दिला की काम होते. विंडोजच्या रजिस्ट्रीला (अंतर्गत मांडण्यांच्या साठ्याला) हात लावावा लागत नाही आणि बायोसच्या पडद्यावर गावातली वेळ दिसते. स्थानिक वेळ ठेवण्यावरचा नेहमीचा आक्षेप असा की उन्हाळी वेळेचा बदल आला की दोन्ही प्रणाली आपापला तास सरकवतात. भारतात हा बदल नाही, म्हणून तो आक्षेप मला लागू वाटला नाही.

आज्ञा दिल्यावर स्थिती तपासली, तेव्हा लिनक्सने एक लांब इशारा दाखवला. तो उन्हाळी वेळेबद्दलचा आहे असे गृहीत धरून मी अर्धाच वाचला.

साडेपाच तासांची चूक त्याच दिवशी गेली. तरी मी वही चालू ठेवायला सांगितली होती, आणि मोजणी शुद्ध राहावी म्हणून विंडोजची स्वयंचलित वेळजुळणी बंद ठेवली होती. तसाही संकलनाच्या वेळी तेथे हॉटस्पॉट नसतोच. आठ दिवसांनी मी स्वतः हॉटस्पॉट जोडून विंडोजमधील डब्ल्यू३२टीएम या आज्ञेचा स्ट्रिपचार्ट पर्याय चालवला, जो घड्याळाला न बदलता वेळसेवकाशी असलेला फरक तेवढा दाखवतो. घड्याळ १४ सेकंद मागे होते. दिवसाला पावणेदोन सेकंद, म्हणजे दहा लाखांत साधारण वीस भाग. अशा साध्या स्फटिकाकडून एवढा फरक अपेक्षितच असतो, शिवाय हा स्फटिक पंचवीस अंशांच्या आसपास सर्वांत वेगाने चालतो आणि थंडी असो वा उष्णता, दोन्हीकडे मंदावतो. बिघाड म्हणावा असे त्यात काही नव्हते. पण रोज दुपारी लिनक्स वेळसेवकाकडून अचूक वेळ घेत असताना हे १४ सेकंद साचलेच कसे, हा प्रश्न मला गप्प बसू देईना.

उत्तर त्या न वाचलेल्या इशाऱ्यात होते. मदरबोर्डवर स्थानिक वेळ ठेवण्याची सूचना दिली की लिनक्स ते घड्याळ वाचते, पण त्यात कधीच लिहीत नाही. ते सांभाळण्याचे काम दुसऱ्या कोणाचे आहे असे ते मानते. आमच्याकडे तो दुसरा म्हणजे विंडोज, आणि विंडोजला इंटरनेट मिळत नाही. ज्याच्याकडे अचूक वेळ होती त्याचे हात मी बांधले होते आणि ज्याच्याकडे ती नव्हती त्याच्यावर जबाबदारी सोपवली होती. दुधाच्या सत्रांना १४ सेकंदांनी काही फरक पडत नाही, वर्षभरात साचणारी साधारण साडेदहा मिनिटेही चालून गेली असती. पण लिनक्सवर वापरकर्त्याला मिळणारी अचूक वेळ फुकट वाया जात आहे हे दिसल्यावर ते तसेच सोडणे मला पटले नाही.

म्हणून उपाय उलटा केला. लिनक्समध्ये तोच पर्याय ० करून मदरबोर्डवर पुन्हा जागतिक वेळ ठेवली. विंडोजच्या रजिस्ट्रीतील टाइमझोनइन्फर्मेशन या विभागात रियलटाइमइजयुनिव्हर्सल या नावाची नोंद नव्याने तयार करून तिचे मूल्य १ केले. त्यासोबत विंडोजचे जलद सुरुवातीचे वैशिष्ट्यही बंद केले, कारण त्यात विंडोज पूर्ण बंद होत नाही आणि एकाच डिस्कवर दोन प्रणाली असताना ती अर्धवट झोप नको असते. आता रोज दुपारी लिनक्स मदरबोर्डच्या घड्याळाला अचूक वेळेवर आणून ठेवते आणि संध्याकाळी विंडोज इंटरनेटशिवाय तीच वेळ वापरते.

मध्ये एका परिचिताने विंडोजला अंतर्गत मोजणीसाठी वेगळे घड्याळ वापरायला लावणारी एक आज्ञा सुचवली होती. ती मी वापरली नाही. वहीत सकाळच्या कामाच्या सुरुवातीला आणि शेवटी मोबाइलच्या वेळेशी असलेला फरक दोन-अडीच तासांत कधीच बदललेला नव्हता, म्हणजे चालू असताना विंडोजची मोजणी व्यवस्थित होती. बायोस अद्ययावत करण्याचा सल्लाही त्याच कारणाने बाजूला ठेवला. सोळा वर्षांच्या मदरबोर्डावर तो धोका विनाकारण पत्करण्यासारखा नाही.

या उपायाची एक किंमत आहे. बायोसच्या पडद्यावर आता साडेपाच तास मागची वेळ दिसते आणि ती पाहणारा कोणीही सद्‌हेतूने ‘दुरुस्त’ करून सगळे पुन्हा बिघडवू शकतो. म्हणून पेटीवर आतून आणि बाहेरून अशा दोन चिठ्ठ्या चिकटवल्या. आतल्या चिठ्ठीवर सेल बदलल्याची तारीख आहे. बाहेरच्या चिठ्ठीवर बायोसमधली वेळ मागेच असायला हवी हे लिहिले आहे, आणि विंडोज नव्याने बसवली तर रजिस्ट्रीतील ती नोंद पुन्हा करावी लागेल, हेही.

चुकीच्या सत्रात पडलेल्या नोंदी सचिवांनी पावत्या आणि इव्हेंट व्ह्यूअरमधील वेळा समोर ठेवून एकेक करून हलवल्या. त्याला एक पूर्ण दुपार गेली आणि पुढच्या बिलात फरकाची रक्कम लागली. आणखी आठ दिवसांनी घेतलेल्या मोजणीत संध्याकाळच्या संकलनाच्या सुरुवातीला विंडोजचे घड्याळ वेळसेवकाच्या एका सेकंदाच्या आत होते. काट्यावरच्या मुलाने मात्र त्यानंतरही बरेच दिवस, पहिल्या सभासदाचे कॅन काट्यावर ठेवण्याआधी, खिशातला मोबाइल काढून पडद्यावरची वेळ ताडून पाहणे सोडले नव्हते.